नाव कापलेल्या गोळ्या

“डॉक्टरसाहेब, रविवारी पोरीचं साक्षगंध हाय. तुमाले यावंच लागते,” असं म्हणून प्रल्हादभाऊंनी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला. मी तेव्हा एका आजोबांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी मोताळ्यात माझ्या दवाखान्यात दुप्पट गर्दी असते, कारण भाजी आणि डॉक्टर ही दोन्ही कामं लोक एकाच फेरीत उरकतात. सकाळपासून साठेक पेशंट झाले होते आणि तेवढेच बाहेर बसले होते. मी मान वर न करता ‘अभिनंदन’ म्हणालो आणि पंप दाबायला लागलो.

पंप दाबता दाबता डोक्यात आलं, साखरपुडा कोणाचा, प्रल्हादभाऊंना तर एकच मुलगी. प्रज्ञा. ती बुलढाण्याला नर्सिंग करते, दुसरं वर्ष. आणि तिची आई सुमनबाई माझी पेशंट. गेला दीड महिना ती दवाखान्याकडे फिरकलेली नव्हती.

“प्रज्ञाचं साक्षगंध? तिचं शिक्षण व्हायचंय ना अजून?”

“हाव, साल-दीड साल बाकी हाय.”

“मग एवढी घाई कशाला?”

प्रल्हादभाऊ ग्रामपंचायतीत शिपाई. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “तिच्या मायचा हट्ट. म्हन्ते, मी हाय तवर पाहून घेऊ द्या.”

‘मी आहे तोवर’ हे वाक्य मी रोज ऐकतो, पण पंचाहत्तरीच्या माणसांकडून. सुमनबाई सेहेचाळीस वर्षांची. शुगर नाही, बीपी नाही, किडनी-लिव्हर ठणठणीत. सगळे रिपोर्ट मीच केलेले होते. आजोबांचं बीपी किती आलं ते मी विसरलो आणि पंप पुन्हा मारावा लागला.

मागचं थोडं सांगायला हवं. नावं अर्थातच बदलली आहेत.

मी एमबीबीएस. एकतीस वर्षं मोताळ्यात जनरल प्रॅक्टिस करतो. या एकतीस वर्षांत एकही माणूस माझ्यासमोर बसून ‘डॉक्टर, मी उदास आहे’ असं म्हणालेला नाही. ते म्हणतात, कमजोरी आली. हातापायाला मुंग्या येतात. डोक्यावर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं. छातीत धडधड होते, पोटात गोळा फिरतो, जेवण गोड लागत नाही. बुलढाण्याला आम्हा जीपी लोकांसाठी एकदा दिवसभराचं ट्रेनिंग झालं होतं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या होत्या, अशा पेशंटांपैकी बरेचजण आमच्यापर्यंत पोचतच नाहीत, तुमच्याकडेच फिरत राहतात. दोनच प्रश्न विचारा. गेले दोन आठवडे मन उदास असतं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेलाय का? दोन्हींना हो आलं, तर तिसरा विचारा, जीव नकोसा वाटतो का? मी ते प्रश्न एका कार्डावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवले. ट्रेनिंगचं जेवण चांगलं होतं. बासुंदी होती.

पण हे प्रश्न विचारायचे कुठे? माझ्या केबिनमध्ये पेशंटच्या खुर्चीशेजारी तीन स्टूल असत. पुढचे तीन नंबर आधीच आत येऊन त्यांवर बसत. म्हणजे एकाला तपासून झालं की दुसरा लगेच खुर्चीवर. वेळ वाचतो. आमच्याकडे बहुतेक सगळ्या दवाखान्यांत हीच पद्धत. आता समोर तीन माणसं कान देऊन बसलेली, त्यातलं एक चुलत सासऱ्यांच्या गावचं, आणि मी बाईला विचारायचं, जीव नकोसा वाटतो का? ती नाहीच म्हणणार.

सुमनबाई माझ्याकडे आधी वर्षभर सलाईनसाठी येत होती. शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम करते. काटक बाई, बोलायला मोकळी. दर पंधरा दिवसांनी यायची आणि म्हणायची, “अंगात जीवच नाई राह्यला. एक बाटली लावून द्या.” बाटली म्हणजे सलाईन. त्यात मिठाचं पाणी आणि एखादं व्हिटॅमिन, बाकी काही नाही. मी ते सांगतो, लोक ऐकून घेतात आणि म्हणतात, लावूनच द्या. मीही लावतो. वाद घालायला लागणारा वेळ सलाईन लावायच्या वेळेपेक्षा जास्त असतो.

ट्रेनिंगनंतर एकदा मी तिला तपासणीच्या टेबलावर पडद्यामागे नेलं. स्टेथोस्कोप पाठीला लावला आणि हळू आवाजात ते दोन प्रश्न विचारले.  तिची पाठ हलायला लागली. मग म्हणाली, “सकाळी चूल पेटवाचीबी इच्छा होत नाई. लेकरं खिचडी खाता खाता हसतात, त मले रडू येते. काऊन येते तेच समजत नाई.” झोप पहाटे तीनला मोडायची. वजन पाच किलो उतरलं होतं. हे डिप्रेशन होतं, आणि वर्षभर मी त्याला मिठाचं पाणी पाजत होतो.

तिसरा प्रश्न मी विचारला नाही. पडद्याच्या पलीकडे कोणीतरी खोकलं आणि मी स्टेथोस्कोप काढून घेतला.

आता माझी युक्ती. बारा-तेरा वर्षांपूर्वी नांदुऱ्याकडच्या एका नव्या सुनेला मी सरळ ‘मानसिक आजार आहे’ असं सांगितलं होतं आणि चिठ्ठीवर तसं लिहून तिला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. सासरच्यांनी ती चिठ्ठी घेतली आणि पोरीला माहेरी सोडून आले, ते परत न्यायला गेलेच नाहीत. तिचा बाप ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला होता. चिठ्ठी टेबलावर ठेवून बसून राहिला. तेव्हापासून मी उदासीच्या गोळीला ताकदीची गोळी म्हणायला लागलो. पेशंट खूश, घरचे खूश, गोळी पोटात जाते आणि आपलं काम करते. पेशंट बरा होतो आणि आपल्याला काय झालं होतं हे त्याला कधीच कळत नाही. मला यात मोठी हुशारी वाटायची.

यात माझे कंपाउंडर शकूरभाई भागीदार. सव्वीस वर्षं माझ्याकडे आहेत. गोळ्या आम्ही दवाखान्यातूनच देतो. बाकी गोळ्यांची अख्खी पट्टी द्यायची, पण ही एक गोळी असली की शकूरभाई कात्री काढत. एकेक गोळी अशी कापत, की नावाची अक्षरं कडेच्या तुकड्यांत निघून जात. ते तुकडे कचऱ्यात. मग सुट्या गोळ्या कागदाच्या पाकिटात आणि वर त्यांचं सुरेख अक्षर: ‘ताकद. सकाळी १.’ नाव दिसलं की लोक मोबाईलवर शोधतात आणि घाबरतात, म्हणून ही खबरदारी.

सुमनबाईला मी असंच पाकीट दिलं. वर दटावून सांगितलं, “सहा-आठ महिने घ्यावी लागेल. एक दिवसही चुकवायची नाही. मनानं बंद करायची नाही. कोणाला द्यायची नाही.”

“ताकदीच्या गोळीले एवढं?” ती म्हणाली.

“मी सांगतोय ना,” मी म्हणालो आणि पुढच्याला बोलावलं.

चार आठवड्यांनी ती आली तेव्हा चेहरा बदललेला होता. झोप लागत होती. शाळेत जात होती. मी दोन आठवड्यांच्या गोळ्या आणखी दिल्या. त्यानंतर ती आली नाही. मी काय समजलो? बरं वाटलं असेल. आमच्याकडे बरं वाटलं की लोक येत नाहीत, हाच रिपोर्ट. मी त्यावर फार विचार केला नाही. तेव्हा तापाची साथ होती.

तर त्या बाजाराच्या दिवशी प्रल्हादभाऊंना मी थांबवून विचारलं, “गोळी घेतात का त्या?”

“नाई जी. सोडून देल्ली. म्हन्ते, कायले घ्यायची.”

“आणि तब्येत?”

“झोपूनच राह्यते. चकरा येतात. डोक्यात करंट मारल्यावानी होते म्हन्ते. शाळेचं काम दुसऱ्या बाईले देऊन टाकलं. परवा पेटी उघडून साड्याची वाटनी केली.” त्यांनी पुन्हा टोपी काढली. “साहेब, तिले काही मोठं झालं हाय काय? तुमी मले सांगत नाई?”

मोठं काही नाही, असं मी म्हणालो. तो त्यांना दिलासा वाटला नाही, हे मला दिसलं. मी याआधीही त्यांना पूर्ण सांगितलेलं नव्हतंच.

चक्कर आणि करंट यांचा उलगडा सोपा आहे. ही गोळी अचानक बंद केली, तर काही दिवस, कधी काही आठवडेही, तसं होतं. हळूहळू कमी करत सोडायची असते. पण साड्यांच्या वाटणीचा उलगडा मला आवडेना. सगळं आवरून ठेवायला लागलेला माणूस डॉक्टरला नेहमी घाबरवतो.

प्रल्हादभाऊ गेल्यावर मी शकूरभाईंना विचारलं, “सुमनबाई तुमच्याशी काही बोलली होती का?”

शकूरभाई पाकिटं भरत होते. ते थांबले. “बोलली होती, साहेब. म्हने, बाकी सगळ्यायले आख्खी पट्टी देता, मलेच कापून काऊन देता? म्या म्हटलं, डॉक्टरसाहेबाचा ऑर्डर हाय.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुमी कवा मोकळे असता?”

 साडेतीनला मी ओपीडी थांबवली. बाहेर वीस-बावीस माणसं होती. त्यांनी जे काही म्हटलं ते मी गाडीत बसेपर्यंत ऐकलं.

सुमनबाईचं गाव सात किलोमीटरवर. घर विहाराच्या मागच्या गल्लीत. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. प्रज्ञा सुटीवर आलेली होती आणि ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली. होणाऱ्या नवरीचा चेहरा असा नसतो. सुमनबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. दीड महिन्यात ती दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी वाटली. मी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि धान्याच्या डब्यावर बसलो. दुसरं बसायला काही नव्हतं.

“सुमनबाई, गोळी का सोडलीत?”

“आता कायले पाह्यजे गोळी.”

“बरं वाटत होतं ना तुम्हाला?”

“मायलेबी मधात बरं वाटलं होतं,” ती म्हणाली आणि उठून बसली. माझ्याकडे सरळ पाहिलं. “डॉक्टर, खरं सांगा. किती दिवस हायेत?”

“कशाचे?”

“माहे.”

मला खरंच आधी कळलं नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि माझं ते बघणं तिला उत्तरच वाटलं असावं. तिनं मान हलवली आणि सांगायला लागली.

तिच्या आईला गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. आईला कळू द्यायचं नाही, असं भावांनी ठरवलं. डॉक्टरही हो म्हणाले. ताकदीच्या गोळ्या आहेत, असं आईला सांगितलं. पण आई चौथी शिकलेली, अक्षर वाचायची. म्हणून मग पट्टीवरचं नाव काढून टाकायचं काम सुमनबाईकडे आलं. तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची होती.

“म्या या नखानं खरडलं हाय ते नाव,” तिनं अंगठा पुढे केला. “रोज. माय इचारे, कायची गोळी हाय वं? म्या म्हनो, ताकदीची. चार महिन्यात गेली. जातानी माह्याकडे अशी पाहे, जशी तिले सगळं मालूम हाय.”

तिनं अंगठा मुठीत झाकून घेतला.

“शकूरभाईच्या हातातलं ते पाकीट पाह्यलं अन् मले समजलं. सहा महिने चुकवू नोका म्हटलं, कोनाले देऊ नोका म्हटलं. ताकदीच्या गोळीले कोनी असं सांगते काय? अन् तुमी मले पडद्यामागं नेऊन बारीक आवाजात इचारलं. मायलेबी डॉक्टर असाच बारीक आवाजात बोले.”

माझी एकूण एक खबरदारी तिनं पुरावा म्हणून जमवली होती. हळू आवाज, कापलेली गोळी, दटावणी, सगळं. त्यावरून जो निष्कर्ष निघत होता तो तिनं काढला. तिच्या जागी मी असतो तर मीही तोच काढला असता. मग गोळी संपली तेव्हा तिनं ठरवलं, आता लांबवून काय उपयोग. गोळी सुटल्यावर चक्कर आणि करंट सुरू झाले, तेव्हा तर खात्रीच पटली. आपण जायच्या आत पोरीचं एकदा मार्गी लागू दे, म्हणून साखरखेर्ड्याकडचं आलेलं स्थळ तिनं पक्कं करून टाकलं. पोरगी नाही म्हणाली, तर आई रडायला लागायची. मग पोरगी हो म्हणाली.

आता मला तो राहिलेला तिसरा प्रश्न विचारावा लागला. इथे पडदा नव्हता आणि खोकणारं कोणी नव्हतं. “सुमनबाई, स्वतःच जीव संपवावा असं मनात येतं का?”

“येते,” ती म्हणाली. अगदी साधेपणानं, जशी खिचडीत मीठ घातलं का विचारल्यावर म्हणेल. “पोरीचं झालं की मी मोकळी. दुखनं काढत बसाची ताकद नाई माह्यात. मायचं म्या पाह्यलं हाय.”

साक्षगंध तीन दिवसांवर होतं.

मी आधी तिला सांगितलं, की तुम्हाला कॅन्सर नाही. तिला पटलं नाही. मी म्हणालो, सगळे रिपोर्ट दाखवतो, प्रज्ञाला वाचायला देतो. मग आजाराचं नाव सांगितलं, डिप्रेशन, उदासीचा आजार. गोळीचं नाव सांगितलं, सर्ट्रालिन. मेंदूत काही रसायनं असतात, त्यांचं काम मंदावतं. मग झोप जाते, भूक जाते, हातपाय गळतात, काही चांगलं होईल असं वाटतच नाही. मरावंसं वाटतं तेही या आजारातच वाटतं, आजार उतरला की तेही उतरतं. गोळी दोन-तीन आठवड्यांनी काम सुरू करते. बरं वाटलं तरी काही महिने चालू ठेवायची, नाहीतर उलटतो.

“म्हंजे डोक्याची बिमारी?”

“मनाची म्हणा.”

“मी येडी झाली?”

“नाही. माझ्याकडे दर आठवड्याला असे कितीतरी लोक येतात. तुमच्या ओळखीचेही असतील.”

“मरत नाई मी?”

“या दुखण्यानं आपोआप मरत नाही माणूस. त्यानं स्वतःचं काही करून घेतलं, तरच.”

 मला वाटलं, आता ती रडेल, हुश्श करेल. तिला आला राग. असा राग मी बाईमाणसाचा डॉक्टरवर निघालेला क्वचितच पाहिला आहे.

“मंग सांगता नाई आलं तुमाले? दोन महिने झाले, मी पोरीच्या तोंडाकडं पाहून रडून राह्यली! तिचं शिक्षन मोडून राह्यली! मले येड लागलं असं जरी सांगतलं असतं ना डॉक्टर, तरी चाललं असतं. मरून नाई राह्यली, एवढं त समजलं असतं!”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

एकतीस वर्षांत पेशंटसमोर हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. फार मोठं काही केल्यासारखं मला वाटलं नाही. 

नंतरचं काम पटापट केलं. तिथूनच बुलढाण्याच्या मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “गोळी आजच परत सुरू करा, आणि उद्या तिला माझ्याकडे पाठवा, तोवर एकटी ठेवू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर हलवा.” या घरची दीड एकर कपाशी होती. डबे मागच्या पडवीतच होते. प्रल्हादभाऊंनी ते उचलून भावाच्या मळ्यातल्या खोलीत नेऊन कुलपात ठेवले. सुमनबाईच्या परवानगीनं मी त्यांना आणि प्रज्ञाला सगळं समोर बसवून सांगितलं. प्रल्हादभाऊ ऐकत होते आणि मधून मधून नुसतं ‘हाव’ म्हणत होते.

प्रज्ञा मला गाडीपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, “सर, मी दोनदा आईच्या गोळ्या पाहिल्या. नाव दिसलंच नाही. सायकियाट्रीची ड्यूटी झालीये माझी. नाव असतं तर मला कळलं असतं, मीच आईला समजावलं असतं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

साक्षगंध पुढे ढकललं. पाहुण्यांना कळवलं, की मुलीच्या आईची तब्येत ठीक नाही, पोरीचं शिक्षण झाल्यावर पाहू. दोन दिवसांनी मुलाच्या मामांचा मला फोन. “डॉक्टरसाहेब, विहीणबाईंना नेमकं काय झालंय म्हणायचं? आपल्याला कळायला पाहिजे ना.” मी म्हणालो, पेशंटबद्दल मी बोलत नाही, त्यांनाच विचारा. त्यांनी विचारलं. सुमनबाईनं सांगून टाकलं, उदासीचा आजार आहे, गोळी चालू आहे. मामा म्हणाले, “बरं, कळवतो आम्ही.”

त्यांनी कधीच कळवलं नाही.

म्हणजे ज्या भीतीनं मी इतकी वर्षं नाव लपवत आलो, ती भीती खोटी नव्हती. हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. खरं सांगितलं आणि सोयरीक मोडली. गावात पंधरा दिवस कुजबुज झाली. सुमनबाईला त्याचं वाईट वाटलं. प्रज्ञाला वाटलं नाही. ती त्याच आठवड्यात होस्टेलला परत गेली आणि पुढे पासही झाली.

सुमनबाई तीन महिन्यांत सावरली. अधेमधे वाईट दिवस आले. एकदा तर तिला भरती करायची वेळ येते की काय, असं वाटलं होतं. पण निभावलं. मॅडमच्या सल्ल्यानं गोळी वर्षभर चालली आणि मग कमी करत बंद केली. खिचडीचं काम तिला परत मिळालं. दुसरी बाई सोडायला तयार नव्हती, त्याचं थोडं भांडण झालं. भांडण करण्याइतकी ती बरी झाली, याचाच मला आनंद झाला.

आता ती माझ्याकडे बायका पाठवते. कधी स्वतः घेऊन येते आणि दारातूनच खड्या आवाजात सांगते, “डॉक्टर, हिची झोप गेली हाय. माह्यावालीच बिमारी वाटते, नीट पाहा.” वेटिंगमध्ये बसलेल्या सगळ्यांना ऐकू जातं. त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी सुमनबाईला दोनदा समजावलं, की असं ओरडून सांगत जाऊ नका. ती म्हणते, “लपवून काय होते ते पाह्यलं ना आपुन.” 

केबिनमधली तीन स्टुलं मी बाहेर काढली. एका वेळी एक पेशंट, दार बंद. लोक नाराज आहेत. डॉक्टरला आता मोठेपणा आला, दार लावून बसतो, असं म्हणतात. काहीजण दुसऱ्या दवाखान्यात जायला लागले, तिथे स्टुलं आहेत. शकूरभाईंनी कात्री बँडेज कापायला ठेवली आहे. ओपीडी पूर्वी दोनला संपायची, आता साडेतीन-चार होतात. पाय सुजतात. या वयात मला हे झेपत नाही, आणि दर बाजाराच्या दिवशी वाटतं, पुन्हा पहिल्यासारखं करावं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की पेशंटला लाज वाटू नये म्हणून मी खोटं बोलतो. त्यात थोडं खरंही होतं. पण उदासीचा आजार नीट समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ‘ताकदीची गोळी आहे’ म्हणायला दोन सेकंद. बाहेर साठ माणसं बसलेली असली, की ते दोन सेकंदांचं खोटं फार दयाळू वाटतं.